केशव मेल्यानंतर जेवतो

सुशील गिरडकरचा उजवा पाय हलायला लागला की त्याची बायको मिनल समजून जायची, सिनेमाचं काहीतरी झालं आहे. संसाराच्या कोणत्याही संकटात हा पाय हललेला नव्हता. सासरे जिन्यावरून पडले तेव्हा पाय शांत होता, कॉलेजात चौकशी समिती आली तेव्हाही शांत होता. पण शनिवारी दुपारी मिनल बहिणीकडून परत आली, तेव्हा सुशील लॅपटॉपसमोर बसला होता आणि टेबलावरच्या पेल्यातलं पाणी थरथरत होतं.

"काय झालं? कोणी गेलं का?"

"नाही गेला अजून. तोच तर घोळ आहे," सुशील म्हणाला आणि त्यानं लॅपटॉप मिटला.

मिनलनं पुढं विचारलं नाही. अठरा वर्षांत तिनं काही गोष्टी न विचारण्याची सवय लावून घेतली होती, आणि त्यातल्या बऱ्याचशा काळ्यापांढऱ्या होत्या.

सुशील कन्हानच्या एका कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायचा. तिथं त्याचं ऐकायला वर्गात मोजकी पोरं असत आणि त्यांचंही लक्ष खिडकीबाहेर असे. रविवारी मात्र त्याचं ऐकायला पार सांगली-सोलापूरपासून न्यू जर्सीपर्यंत माणसं कानात इअरफोनची बोंडं खुपसून बसत. तो आणि त्याचा मित्र सौरव चाफले मिळून जुन्या, विसरलेल्या, पडलेल्या आणि पडूनही काही लोकांच्या डोक्यातून न उतरलेल्या सिनेमांवर पॉडकास्ट करत. त्याचं नाव 'गादीवरून'.

नावामागं काही तत्त्वज्ञान नव्हतं. नागपूरजवळच्या वाडीला, अमरावती रोडला लागून सौरवच्या घरच्या गाद्यांचं गोदाम होतं, आणि कापसाच्या गादीइतका आवाज पिणारा स्टुडिओ अख्ख्या हिंदुस्थानात नाही, असं सौरवचं ठाम मत होतं. चारी बाजूंनी छतापर्यंत गाद्या, मध्ये स्टुलं, माईक, आणि बंद कूलर. कूलर घरघरतो म्हणून रेकॉर्डिंगच्या वेळी बंद ठेवावा लागे. त्यामुळे मे महिन्यातल्या भागांत दोघांचीही मतं जरा टोकाची असत.

गाद्यांना एकच आवाज पचत नसे, ट्रकचा. शेजारी ट्रान्सपोर्टवाल्याचं गोदाम. ट्रक मागं घ्यायला लागला की त्याची पिपाणी अशी वाजे की कापूसही दचकावा. तेव्हा नियम असा होता, की जो बोलत असेल त्यानं हात वर करायचा, वाक्य तोंडात धरून बसायचं, आणि ट्रक गेला की तिथूनच पुढं चालू. सुशीलनं एकदा 'नववास्तववाद' हा शब्द दोन ट्रक खर्चून पुरा केला होता.

या पॉडकास्टचं खरं नाव झालं ते एका सिनेमामुळं. 'खाणीतला पाहुणा'. चौऱ्याऐंशी साली कन्हानच्या आसपास काढलेला, महादेवराव साठवणे नावाच्या माणसाचा पहिला आणि शेवटचा सिनेमा. तेव्हा तो एक आठवडाही धड चालला नव्हता. मूळ प्रिंट कुठं गेली कोणास ठाऊक. पण कोणीतरी कधीतरी त्याची व्हिडिओ कॅसेट काढून ठेवली होती, आणि पुढं कोणीतरी ती इंटरनेटवर टाकली होती. चित्र खरबरीत, आवाज विहिरीतून आल्यासारखा.

गोष्ट साधी. केशव नावाचा खाणकामगार. एक दिवस खाण कोसळते आणि केशव मरतो. त्याची चिता जळते, बायको रडते. आणि त्यानंतरच्या दृश्यात केशव स्वयंपाकघरात मांडी घालून भाकर खात बसलेला दिसतो. बायको चुलीसमोर. कोणालाच काही वाटत नाही. केशव ठेच्याला बोट लावतो आणि म्हणतो, "मीठ कमी आहे." मग तो कामावर जातो, ठेकेदाराशी भांडतो, ठेकेदाराचे लोक त्याचा हात मोडतात. आणि त्यापुढं थेट त्याची तेरवी.

मेलेल्या माणसाचा हात मोडतात! सुशीलनं पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा तो खुर्चीतून उठून गॅलरीत गेला होता, परत आला होता, आणि पुन्हा गॅलरीत गेला होता. मग 'केशव मेल्यानंतर जेवतो' हा भाग त्यानं केला. त्याचं म्हणणं असं, की या सिनेमात मरण ही घटनाच नाही, ती एक पाळी आहे; पहिली पाळी, दुसरी पाळी, तशी ही तिसरी. मजूर मेला तरी त्याची सुटका नाही, ठेकेदार त्याला तिथंही मारतोच. मरताना केशवच्या हाताला पट्टी असते, जेवताना नसते, याचंही उत्तर सुशीलकडं होतं : मेल्यावर पट्टी कशाला हवी?

हा भाग लोकांनी एकमेकांना पाठवला. पोरांनी 'मीठ कमी आहे' असे टी-शर्ट छापून घेतले. कोणी त्यावर प्रबंध लिहायला घेतला. आणि आता पुण्याच्या एका चित्रपट मंडळानं सुशीलला बोलावलं होतं, याच विषयावर, मोठ्या सभागृहात, तासाभराचं व्याख्यान. सुशीलला आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी कन्हानच्या बाहेर बोलायला बोलावत होतं. त्यानं नवीन झब्बा शिवायला टाकला होता.

आणि याच भरात सौरवनं महादेवराव साठवणेंना शोधून काढलं. माणूस जिवंत होता! सिनेमा पडल्यावर भिवापूरला जाऊन त्यानं मिरचीचा व्यापार केला, आणि आता म्हातारपणी नागपुरात मुलाकडं राहत होता. रविवारी ते पॉडकास्टवर येणार होते.

त्यांना विचारायचे प्रश्न काढावेत म्हणून सुशील शनिवारी सिनेमा पुन्हा पाहायला बसला. नेहमी तो केशवकडं बघायचा. या वेळी, का कोण जाणे, त्याची नजर चौकटीच्या वरच्या उजव्या कोपऱ्याकडं गेली. चिता जळते, आणि कोपऱ्यात एक गोल ठिपका चमकून जातो. रीळ संपत आलं, पुढचं लावा, अशी ऑपरेटरला केलेली ती खूण. सिनेमावर बोलणाऱ्या कोणत्याही माणसाला ही खूण माहीत असते. सुशीलनं तिच्यावर एक अख्खा भाग केला होता. ठिपका गेला, आणि केशव जेवायला बसला. दहाएक मिनिटांनी, हात मोडल्याच्या क्षणी, पुन्हा ठिपका. आणि तेरवी.

सुशीलनं तो दहा मिनिटांचा तुकडा उचलला आणि चितेच्या रिळाच्या आधी नेऊन लावला.

केशव जेवला, मीठ कमी आहे म्हणाला, कामावर गेला, हात मोडून घेतला, हाताला पट्टी बांधली, मेला, जळला, तेरवी झाली. सिनेमा नळाच्या पाण्यासारखा सरळ वाहू लागला. कॅसेट काढणाऱ्यानं कधीकाळी सहावं रीळ आणि सातवं रीळ यांची अदलाबदल केली होती, बस्स. आणि त्या अदलाबदलीवर सुशील चार वर्षं बोलत होता.

त्यानं ती सरळ केलेली फाईल वेगळी जपून ठेवली, का ते त्यालाच कळलं नाही. आणि मग पाय हलायला लागला.

रविवारी तो महादेवराव आणि त्यांच्या पत्नी कुसुमताई यांना आपल्या गाडीतून वाडीला घेऊन आला. महादेवराव ऐंशीच्या घरातले, किडकिडीत, पांढरा सफारी घातलेले. भिवापूरच्या मिरचीनं त्यांचा आवाज कायमचा घासून ठेवला होता. कुसुमताई ठेंगण्या, गुबगुबीत, आणि सिनेमात केशवच्या बायकोचं काम त्यांनीच केलं होतं, हे सांगितल्याशिवाय कोणाच्या लक्षात आलं नसतं. बसायला स्टूल नको म्हणाल्या. थेट गाद्यांच्या एका कमी उंचीच्या थप्पीवर चढून बसल्या, पाय लोंबकळत.

"मस्त आहे गा तुमचं हे," त्या म्हणाल्या. "पण कूलर काहून बंद ठेवला? जीव घेता का?"

"आवाज येते ना काकू, म्हणून," सौरव म्हणाला. सौरव म्हणजे तिशीतला, गोल चेहऱ्याचा, भक्तीनं भरलेला माणूस. सुशील जे बोले ते त्याला पटत असे, आणि पटलं की त्याचे डोळे ओले होत.

रेकॉर्डिंग सुरू झालं. सुशीलनं रात्रभर विचार करून एक धोरण ठरवलं होतं : त्या दृश्याच्या जवळपासही फिरकायचं नाही. म्हाताऱ्याला काही विचारलंच नाही, तर म्हातारा काही सांगणारही नाही.

"सर, खाणीत शूटिंग करताना धुळीचा त्रास झाला असेल."

"झाला ना. अजून खोकतो."

"आणि कॅमेरा?"

"भाड्याचा."

"भाड्याचा म्हणजे, त्या काळात नागपूरला..."

"भाड्याचा म्हणजे भाड्याचा गा. आज आणला, उद्या वापस."

सुशीलनं धुळीकडं पुन्हा मोर्चा वळवला. कोळशाच्या धुळीचा भिंगावर काय परिणाम होतो, कपड्यांवर काय होतो, जेवणावर काय होतो. जेवण शब्द तोंडातून निघाला आणि त्यानं जीभ चावली. सौरव त्याच्याकडं असा पाहत होता, जसं एखाद्यानं देवळात जाऊन फरशीची चौकशी करावी.

शेवटी महादेवरावांनीच स्टूल पुढं सरकवलं. "ते धुळीचं झालं आता. तुम्ही मिठाचं कधी विचारता? आमच्या शेजारचा पोरगा ते लिहिलेलं बनियन घालून फिरून राहिला. मी म्हटलं, बाबू, हे तर माझं वाक्य आहे. तर तो माझ्या पाया पडला! चाळीस वर्षांत सिनेमासाठी माझ्या पाया कोणी पडलं नव्हतं. उलट आम्हीच फायनान्सरच्या पडलो."

"तेच सर!" सौरवला आता धरवेना. "केशव मेल्यानंतर जेवाले बसते, तो सीन..."

"मेल्यानंतर?"

आणि ट्रकची पिपाणी वाजली. सौरवनं हात वर केला. महादेवरावांना नियम माहीत नव्हता, पण समोरच्यानं हात वर केला म्हणून त्यांनीही केला. थप्पीवरून कुसुमताईंनीही केला. सुशीलचे दोन्ही हात गुडघा दाबण्यात गुंतले होते. ट्रक आज कधी नव्हे इतका सावकाश मागं येत होता, आणि सुशीलला वाटत होतं, याला रस्ता सापडूच नये. संध्याकाळपर्यंत असाच मागं मागं येत राहो.

ट्रक थांबला.

"मेल्यानंतर कोण जेवते बे?" महादेवरावांनी विचारलं.

"केशव, सर."

"केशव कसा जेवंल? त्याले तर आम्ही जाळलं. कन्हानच्या घाटावर. खरी लाकडं आणली होती."

"चहा घेऊ का आपण?" सुशील उठला. "सौरव, चहा."

"बस ना गा तू," कुसुमताई म्हणाल्या. "आल्यापासून पाहून राहिली, विंचू चावल्यासारखा करते हा पोरगा. आणि तुम्ही भांडता कशाले? तुमच्याजवळ सिनेमा आहे ना? दाखवा. मी तर लागला होता तेव्हाच पाह्यला, त्याच्यानंतर नाही."

सौरवनं लॅपटॉप स्टुलावर ठेवला. सुशीलनं माईक बंद केले. एवढं त्याच्या हातात होतं, म्हणून त्यानं ते फार काळजीपूर्वक केलं.

पडद्यावर खाण कोसळली. चिता पेटली. कुसुमताई पडद्यावर रडल्या आणि थप्पीवरून म्हणाल्या, "किती बारीक होती गा मी!" मग कोपऱ्यात ठिपका चमकला आणि स्वयंपाकघर आलं. केशवनं भाकरीचा तुकडा मोडला.

"हे तर आधीचं..." कुसुमताईंनी सुरुवात केली.

"थांब वं," महादेवराव म्हणाले.

सुशील पडद्याकडं बघतच नव्हता. तो महादेवरावांच्या चेहऱ्याकडं बघत होता. आधी तिथं राग आला, कोणीतरी आपल्या घरातलं सामान हलवून ठेवलंय असा. ओठ 'रीळ' म्हणण्यासारखे वळले आणि तसेच राहिले. मग राग गेला. म्हातारा पुढं वाकला. आपलंच लेकरू दुसऱ्याच्या कपड्यात आलेलं पाहावं, तसा तो केशवकडं पाहू लागला. हात मोडला, ठिपका चमकला, तेरवीची पंगत बसली. सौरवनं सिनेमा थांबवला. गाद्यांमुळं तिथली शांतताही जरा जाड असे.

"लोक काय म्हणतात हे पाहून?" महादेवरावांनी विचारलं.

सौरवनं सांगितलं. मरण ही पाळी कशी आहे, मजुराला मेल्यावरही सुटका कशी नाही, मेलेल्याचा हातही ठेकेदार कसा मोडतो. सांगता सांगता त्याचे डोळे ओले झाले.

"पुन्हा सांग."

सौरवनं पुन्हा सांगितलं. महादेवराव ऐकत होते, मिरचीचा भाव ऐकावा तसे, डोळे बारीक करून. मग त्यांनी सफारीच्या बाह्या खाली ओढल्या, केस बसवले.

"लावा तुमचं मशीन," ते म्हणाले.

सुशीलनं माईक सुरू केले.

"तर मी काय म्हणून राहिलो होतो," महादेवराव माईकजवळ आले. "केशव मेल्यानंतर जेवते. ते मी मुद्दाम केलं. चौऱ्याऐंशी साली हे समजणारा माणूस नव्हता. फायनान्सर मले म्हणे, साठवणे, तुझं डोकं फिरलं. एडिटर म्हणे, मी माझं नाव काढून घेतो. मी म्हटलं, काढ. पण माझा केशव मेल्यावरच जेवंल."

थप्पीवर कुसुमताईंनी पदर तोंडाला लावला. त्या हसत होत्या की खोकत होत्या ते कळेना.

सुशीलचा पाय थांबला. शनिवारपासून पहिल्यांदा. त्याच्या अंगातून काहीतरी निथळून खाली गेलं आणि त्याला एकदम झोप आल्यासारखं वाटलं. वाचलो. आता पुण्यात उभं राहून तो म्हणू शकत होता, दिग्दर्शकानं स्वतः सांगितलंय. ठिपका काय, ठिपक्याला कोण विचारतं!

पण माणसाला वाचलेलंही पचत नाही. सुशीलला खाज सुटली, की हा म्हातारा कुठवर जातो ते पाहावं.

"सर, मरताना केशवच्या हाताला पट्टी आहे. जेवताना नाही. ते कसं?"

पट्टीबद्दल सौरव एक शब्द बोललेला नव्हता. महादेवरावांनी पॉडकास्टचा एकही भाग ऐकलेला नव्हता. त्यांच्याकडं तसला फोनच नव्हता.

"मेल्यावर पट्टी कशाले पाहिजे?" ते म्हणाले.

ते सुशीलचं वाक्य होतं. चार वर्षांपूर्वी, याच गाद्यांमध्ये, याच माईकवर, घामाघूम होऊन त्यानं ते जन्माला घातलं होतं. आणि आता ते म्हाताऱ्याच्या तोंडातून असं आलं, जणू तिथंच राहत होतं.

"आणि मिठाचं सांगतो," महादेवरावांना आता रंग चढला होता. "जिवंत माणसाले चव राहते. मेलेल्या जिभेले मीठ लागंल का? नाही लागत. म्हणून तो म्हणते, मीठ कमी आहे. मीठ बरोबर आहे. तो कमी झाला."

सौरवनं डोळे पुसले. सुशील माईककडं पाहत राहिला. मीठ बरोबर आहे, तो कमी झाला. इतके टी-शर्ट निघाले, प्रबंध लिहिला जात होता, आणि हे कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं. त्याच्या तर नाहीच. पाय पुन्हा हलायला लागला.

"सर, एक बोलू?" सौरव म्हणाला. "सुशीलदादा पुण्याले याच विषयावर बोलून राहिला. पण आता तुम्ही स्वतःच आहा, तर तुम्हीच काहून नाही चलत?"

"चलतो ना. काहून नाही चलणार?"

सौरव हा असा माणूस होता की चांगली कल्पना सुचली की तिला तो उन्हात उभी ठेवत नसे. रेकॉर्डिंग संपतं न संपतं तोच त्यानं पुण्याच्या संयोजकांना निरोप धाडला. त्यांचा फोन सुशीलला आला.

"गिरडकर सर, काय हे! दिग्दर्शक स्वतः? अहो, सोनंच सापडलं! मग आपण असं करू, मुख्य भाषण त्यांचं. तुम्ही ओळख करून द्या. अगदी छोटी. लोकांना त्यांनाच ऐकायचं असणार ना. तुमचं व्याख्यान आपण पुढं कधीतरी निवांत ठेवू."

"हो, हो. बरोबर आहे," सुशील म्हणाला. "त्यांनाच ऐकायला हवं."

फोन ठेवला तेव्हा तो गोदामाच्या दारात, ऊन आणि सावलीच्या मध्ये उभा होता. खांद्याला बॅग, बॅगेत लॅपटॉप, लॅपटॉपमध्ये सरळ केलेला सिनेमा. आत जाऊन लॅपटॉप उघडला की दहा मिनिटांत म्हातारा गप्प होईल. पण म्हाताऱ्याबरोबर सुशील गिरडकरही गप्प होईल, चार वर्षं मागं जाऊन, एकेका भागात. त्यानं बॅगेची चेन उघडली, लावली, उघडली. त्याचं म्हणणं आता खुद्द दिग्दर्शकानं खरं ठरवलं होतं. ते इतकं खरं झालं होतं, की ते सांगायला सुशीलची गरज उरली नव्हती.

आत सौरव मानधन म्हणून दोन नव्या उशा बांधून देत होता आणि कुसुमताई त्या दाबून पाहत होत्या. महादेवराव एकटेच बाहेर आले. सुशीलच्या शेजारी उभे राहिले. रस्त्यावर ट्रकांची रांग उन्हात उभी होती.

"तुम्हाले माहीत होतं," ते म्हणाले.

"काय, सर?"

"मले धुळीचं विचारून राहिले होते तुम्ही अर्धा तास. जो माणूस माझ्या सिनेमावर इतकं बोलते, तो धूळ विचाराले बोलावते का? ठिपके पाह्यले असतील तुम्ही."

सुशीलनं चेन लावली. "कालच पाहिले."

"मग सरळ करूनही पाह्यला असंल."

"पाहिला."

म्हाताऱ्यानं रस्त्याकडंच पाहत विचारलं, "कसा आहे?"

सुशीलजवळ प्रत्येक सिनेमाबद्दल काहीतरी होतं. जे सिनेमे त्यानं अर्धवट पाहिले होते, त्यांच्याबद्दल तर जास्तच होतं. आता चार-पाच वाक्यं तोंडापर्यंत आली, आणि दर वाक्याला म्हाताऱ्याची ती बाजूची मान दिसली, सुरकुतलेली, उत्तराची वाट बघणारी. काल दुपारी त्यानं सिनेमा सरळ लावला होता तेव्हा त्याला फक्त स्वतःचं दिसलं होतं. सिनेमा कसा आहे, हे त्यानं पाहिलंच नव्हतं. आता त्याला ते आठवून पाहावं लागलं.

"साधा आहे, सर," तो शेवटी म्हणाला.

"रटाळ?"

"नाही, नाही. साधा. माणूस जेवतो, भांडतो, मरतो. जेवताना आपल्याला माहीत नसतं की तो मरणार आहे. त्यालाही नसतं."

"हं," महादेवराव म्हणाले. थोड्या वेळानं पुन्हा म्हणाले, "हं. तसाच काढला होता मी. लोक उठून गेले."

"माझ्याजवळ आहे तो. सरळ केलेला. तुम्हाला पाहायचा असेल तर..."

म्हाताऱ्यानं बॅगेकडं पाहिलं. हात थोडा पुढं आला, आणि त्या हातानं त्यांनी सफारीचं वरचं बटण लावलं.

"आता नाही," ते म्हणाले. "पुणं होऊन जाऊ द्या."

कुसुमताई उशा घेऊन आल्या. सौरवनं वाकून नमस्कार केला आणि सुशीलच्या कानात म्हणाला, "दादा, आपण जे चार वर्षं बोलून राहिलो ते सगळं खरं निघालं बे!" सुशीलनं त्याच्या पाठीवर थोपटलं.

गाडीत महादेवराव पुढं बसले, कुसुमताई मागं, उशा मांडीवर घेऊन. अमरावती रोडवर गाडी लागली. बराच वेळ महादेवराव काचेतून बाहेर बघत होते, ओठ हलवत होते. सुशीलला वाटलं, जप करतात. पण ते वाक्यं लावत होते.

"ते पाळीचं काय होतं?" त्यांनी विचारलं. "मरण ही पाळी आहे, ते. त्या पोरानं दोनदा सांगितलं, पण तो मधातच रडते."

"मरण ही घटना नाही, पाळी आहे."

"घटना नाही, पाळी आहे," महादेवराव पुटपुटले. मग ते वळून बसले. "असं करा. पुण्याले जायच्या आधी दोन-तीन वेळा घरी या. मी काय केलं होतं ते मले एकदा सगळं नीट समजावून सांगा. तिकडले लोक शिकलेले राहतात. काहीही विचारतील."

सुशीलनं गिअर बदलला. तासाभराचं अख्खं व्याख्यान त्याच्या डोक्यात तयार होतं, घोटून, विनोदांच्या जागांसकट. त्यासाठी नवीन झब्बाही शिवून झाला होता.

"आताच सांगू का थोडं?"

"सांगा ना. रस्ता लांब आहे."

"कुठून सुरू करू?"

"मरणापासून कर गा," मागून कुसुमताई म्हणाल्या. "आता तेच आधी येते."

महादेवराव हसले नाहीत. त्यांनी सीट थोडी मागं सरकवली, डोळे मिटले आणि लक्ष कानात आणून ठेवलं.

"तर सर," सुशील म्हणाला, "चौऱ्याऐंशी साली तुमच्या असं लक्षात आलं, की..."